हवालदार आडवा होत नाही

भुकूम,
ता. २ डिसेंबर १९५८

चि. बहिरूस लीलाअक्काचा आशीर्वाद.

गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर झालास तेव्हा गावभर सांगत फिरला होतास की आता कुणाच्या जनावराला काही झालं तर मला नुसतं एक कार्ड टाका. घे, कार्डात मावणार नाही म्हणून पाकीट पाठवते आहे.

दर सालाप्रमाणे म्हसू धनगर आपल्याकडे उतरला आहे. भात निघालं की तुझे दाजी त्याला डोंगराकडच्या वरच्या तुकड्यात मेंढ्या बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढ्या शेतात बसतात, त्यांच्या लेंड्यांचं खत आपल्याला आणि आपले दाणे म्हसूला, हे तुला माहीतच आहे. म्हसूचा कुत्राही तुझ्या ओळखीचा आहे. तोच, काळा, एक कान फाटलेला, गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा, बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून घातलेला. तीन वर्षांपूर्वी तू शहरी पायजमा घालून ऐटीत मेंढ्यांत शिरलास आणि अर्धा पायजमा त्याच्या तोंडात ठेवून आलास. त्याचं नाव हवालदार.

हा हवालदार महिनाभर खोकतो आहे. मान पुढे काढतो, चार-पाच कोरडे ठसके देतो, मग ओकारी आल्यासारखं करतो, पण पडत काही नाही. फार तर थोडा पांढरा फेस. म्हसूनं हळद घालून मेंढीचं दूध पाजलं, गूळ चारला. काही उपयोग नाही. काल सकाळी मी न्याहारी घेऊन वर गेले तर चुलीत विळा तापत ठेवलेला. म्हटलं, हे काय? तर म्हणाला, गळ्याला डाग देतो, मेंढरू खोकलं की आम्ही हेच करतो.

मी विळा पाण्यात बुडवला. म्हसू माझ्यावर रागावला नाही, नुसता खाली बसला. म्हणाला, "वैनी, आमच्या वाड्याला भित न्हाई, दार न्हाई. नुसती जाळी. दार म्हंजे ह्यो. ह्यो गेला तर मी डोंगराच्या कडंला मेंढरं घिऊन कशी बसू?"

मी त्याला सांगितलं की माझा भाऊ पुण्याला याच कामात आहे, तो औषध कळवीपर्यंत डाग द्यायचा नाही. त्यानं ऐकलं. तेव्हा आता माझा शब्द तुझ्या हातात आहे. लवकर लिही.

तुझी,
अक्का

*

पुणे,
ता. ६ डिसेंबर १९५८

ती. सौ. लीलाअक्कास बहिरूचा साष्टांग नमस्कार.

पायजम्याची आठवण काढल्याबद्दल आभारी आहे. माझी बायको जया पत्र वाचून दोन दिवस हसते आहे, तिला हे ठाऊक नव्हतं.

डाग थांबवलास हे फार चांगलं केलंस. त्यानं खोकला जात नाही, डागाच्या दुखण्याखाली जनावर आधीचं दुखणं लपवतं एवढंच. बाकी काळजीचं कारण नाही. आमच्याकडे खोकणारी कुत्री रोज येतात आणि कारणं तीनच असतात. घशात हाड अडकलेलं, नाही तर सर्दी, नाही तर गळ्यातला पट्टा. म्हसूला म्हणावं, जबड्यात लाटणं आडवं धर आणि उन्हाकडे तोंड करून घसा बघ. हाड नसेल तर मग मला पट्ट्याचीच शंका आहे. दोन शेर लोखंड श्वासनळीवर रात्रंदिवस दाबून बसलं तर माणूससुद्धा खोकेल. पट्टा काढून टाका. सोबत एस.टी.च्या नथू ड्रायव्हरच्या हाती अडुळशाच्या काढ्याची बाटली पाठवतो आहे, सकाळ-संध्याकाळ एक चमचा मधातून.

आठ दिवसांत खोकला थांबला नाही तर मी नाव बदलीन.

हैबतराव दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
बहिरू

*

भुकूम,
ता. २४ डिसेंबर १९५८

चि. बहिरूस आशीर्वाद.

नवीन नाव काय ठेवायचं ते ठरवून ठेव.

आता नीट बसून वाच, आणि मध्येच हसू नकोस. घशात हाड नव्हतं. तुझ्या सांगण्यावरून पट्टा काढला. म्हसूची बायको बयाबाई नको नको म्हणत होती, डोंगराच्या कडेला बिनपट्ट्याचं कुत्रं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. पण मी भावाचं नाव पुढे केलं आणि म्हसूनं माझं ऐकलं. चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी सकाळी सकाळी बयाबाई धावत घरी आली, चला म्हणाली. वाटलं, आपल्या शहाणपणानं कुत्रा गेला.

वर जाऊन बघते तर हवालदार जाळीच्या तोंडाशी बसलेला. पुढचे पाय रोवून, ताठ, मान वर. आणि त्याच्यासमोर दवानं ओल्या झालेल्या मातीत बिबट्याचे पंजे. बहिरू, मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिले. बांधावरून उतरून सरळ आलेले. हवालदारापासून दोन हातांवर येऊन थांबलेले. तिथं बिबट्या बसलासुद्धा होता, शेपटी मातीत उमटली होती. आणि तिथून उठून आल्या वाटेनं परत गेलेले. एक मेंढरू गेलं नाही. हवालदाराच्या अंगावर ओरखडा नाही. म्हसू आणि बयाबाई दहा पावलांवर झोपलेले, त्यांनी भुंकणं ऐकलं नाही. हवालदाराला हल्ली भुंकताच येत नाही, भुंकायला गेला की ठसका लागतो. म्हणजे उघड्या गळ्याचं ते आजारी कुत्रं बिबट्यासमोर नुसतं बसून राहिलं, फार तर खोकलं असेल, आणि बिबट्या उठून गेला.

मी तिथंच खाली बसले.

आणि पुढं ऐक. त्या दिवसापासून तो आडवा होत नाही. दिवसा नाही, रात्री नाही. तसाच बसून असतो, डोळे मिटतात, मान डुलते, पुन्हा दचकून ताठ होतो. म्हसू म्हणतो, थोडं आधीपासूनच असं होतं, पण आता मुळीच नाही. चंपाषष्ठीला ही गोष्ट गावात पोहोचली आणि गाव वर चढलं. खंडोबाचं कुत्रं आहे, देवानं खडा पहारा धरला आहे, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. भरीत-रोडग्याचा नैवेद्य देवळात दाखवायच्या आधी हवालदाराला. बावधनहून, चांद्याहून माणसं येतात आणि त्याच्या अंगावर मूठ मूठ भंडारा उधळतात. काळा कुत्रा पिवळा झाला आहे. हळदीची पूड नाकात गेली की खोकतो बिचारा, आणि तो खोकला की माणसं हात जोडतात.

तुझे दाजी तर हवेत आहेत. देव आपल्या तुकड्यात उतरला म्हणून त्याला बसायला दगडी ओटा बांधायला घेतला आहे. काढ्याचं नाव काढलं तर म्हसू दोन्ही कानांना हात लावतो. देवाला कुणी अडुळसा पाजतं का?

तू शिकलेला आहेस, तुला यातलं काही पटणार नाही. मलाही सगळं पटत नाही. पण ते पंजे मी पाहिले आहेत.

अक्का

*

पुणे,
ता. २७ डिसेंबर १९५८

ती. अक्कास नमस्कार.

हसलो नाही. पत्र वाचून घाबरलो. एक, माझ्यामुळे पट्टा निघाला म्हणून. दुसरं कारण वाईट आहे.

चूक माझी आहे. खोकला कधी वाढतो हे मी तुला विचारलंच नाही. पहिलीच गोष्ट जी विचारायची. तू लिहिलंस की तो आडवा होत नाही, आणि मला एकदम सगळं दिसलं. तो पहारा धरून बसलेला नाही, अक्का. त्याला आडवं होता येत नाही. आडवं झालं की छातीत पाणी पसरतं, जीव घुसमटतो. म्हणून पुढचे पाय रोवून बसायचं, मान वर करायची, आणि झोप आली तरी डुलत तसंच राहायचं. असं होतं तेव्हा दुखणं घशाचं नसतं. काळजाचं असतं. काळीज थकलं की रक्त पुढं ढकलत नाही, ते फुप्फुसांत तुंबतं, आणि त्याचा खोकला होतो.

एवढं बघून कळव. पुढच्या पायांची कोपरं अंगापासून दूर धरून बसतो का? हिरड्या गुलाबी आहेत की निळसर? पोट सुटल्यासारखं दिसतं का? आणि एक कर. घरातली चुलीची फुंकणी घे, स्वच्छ धू. तिचं एक तोंड त्याच्या डाव्या बरगड्यांवर, कोपर जिथं टेकतं तिथं ठेव, दुसरं तोंड कानाला लाव. आमच्या डॉक्टरांच्या गळ्यातली नळी यापेक्षा फार वेगळी नाही. जे ऐकशील ते जसंच्या तसं लिही, सुधारून लिहू नकोस.

भंडारा उधळणं आधी थांबव. आणि भरीत बंद. मीठ त्याला विष आहे.

आणखी एक गोष्ट परवापासून डोक्यातून जात नाही, ती लिहून टाकतो. त्या रात्री तो बरा असता तर दमून आडवा झाला असता आणि झोपला असता. झोपलेल्या, बिनपट्ट्याच्या कुत्र्याला बिबट्या उचलतो, सोडत नाही. त्याच्या दुखण्यानं त्याला जागं ठेवलं आणि बसतं ठेवलं. म्हणून तो आहे आणि मेंढरं आहेत. बिबट्या परत का गेला ते मात्र मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही.

बहिरू

*

भुकूम,
ता. १ जानेवारी १९५९

चि. बहिरूस आशीर्वाद.

कोपरं दूर धरतो, होय. हिरड्या जांभळाच्या सालीसारख्या. पोट सुटलं आहे, आणि आम्ही समजत होतो की नैवेद्यानं सुटलं.

फुंकणी घेऊन दुपारी वर गेले. दुपारी माणसं नसतात. म्हसू आणि बयाबाई तेवढी होती. हवालदार माझ्याकडे बघत राहिला, गुरगुरला नाही. मी त्याच्या शेजारी गुडघे टेकले, त्याच्या अंगावरची हळद पदरानं पुसली आणि फुंकणी लावली. आधी काहीच ऐकू येईना, माझाच श्वास. मग मी श्वास धरला.

बहिरू, मी पंचेचाळीस वर्षांची झाले. तीन बाळंतपणं झाली, सासू माझ्या मांडीवर गेली. पण जिवंत काळीज असं कानात कधी आलं नव्हतं. मला वाटलं होतं, उखळात मुसळ पडतं तसं एक-एक पडत असेल. तसं नव्हतं. घोडं धावतं तसं होतं. तीन-तीन टापा, घाईघाईत, एकीत एक अडखळणाऱ्या, आणि प्रत्येक टापेमागं फुस्स करून वारा सुटल्यासारखा आवाज. बाहेरून कुत्रा दगडासारखा स्थिर बसलेला, आणि आत ही पळापळ. मला रडू आलं. कुणाची दया येऊन नव्हे. एवढं सगळं त्या बरगड्यांच्या आत चाललेलं असतं आणि आपण वरून हात फिरवून पुढं जातो, याचं.

मग म्हसूला दिली. मला भीती होती. त्याला काय सांगायचं, तुझा देव आजारी आहे? देव नाहीच, नुसता आजारी आहे? गावानं हात जोडलेल्या कुत्र्याबद्दल हे कोणत्या तोंडानं सांगू? त्यानं फुंकणी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. बयाबाई विचारते, काय ऐकू येतंय, तर हातानंच गप्प म्हणाला.

शेवटी फुंकणी खाली ठेवून म्हणाला, "घोडं हाय, वैनी. देवाचं घोडं आत धावतंय." मी मनात म्हटलं, झालं, आता हा औषध घेत नाही. पण तो पुढं म्हणाला, "पर लई दमलंय. दम टाकायला मिळंना त्याला." आणि मग माझ्याकडं बघून, "देवाचं झालं म्हनून घोड्याला दाना-पानी नगं का? नाल ठोकाय नगं का? तुमच्या भावाला बोलवा."

मी त्याला काहीच समजावलं नाही. समजावण्याआधीच तो माझ्या पुढं गेला होता.

रविवारी ये. एस.टी.नं ये, पायजमा घालून येऊ नकोस.

अक्का

*

पुणे,
ता. ७ जानेवारी १९५९

ती. अक्कास नमस्कार.

परत येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आपली नळी मला रविवारपुरती दिली होती, ती परत घेताना मी काय ऐकलं ते दोनदा विचारलं. काळजाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागं गळतं, तोच तुझा फुस्स. तू जे लिहिलंस त्यात एक अक्षर कमी-जास्त करावं लागलं नाही, असं ते म्हणाले.

औषध सोबत आहे. छोट्या बाटलीत एका विलायती फुलझाडाच्या पानांचा अर्क आहे. सकाळी सहा थेंब, संध्याकाळी सहा. अक्का, हे औषध दुधारी आहे. थकलेल्या काळजाला ते सावकाश, नेमकं चालायला लावतं, पण जास्त झालं तर तेच काळीज थांबवतं. म्हणून थेंब तूच मोजायचे, दुसऱ्या कुणी नाही. रोज दाजींचं घड्याळ घेऊन फुंकणीनं मिनिटाचे ठोके मोज. सत्तरच्या खाली आले, ओकला किंवा खाणं टाकलं, तर थेंब बंद आणि मला तार. पुडीतल्या गोळ्या पाणी उतरायला आहेत, रोज अर्धी. मीठ नाही, चढ नाही, धावणं नाही, धूळ नाही.

आता जे लिहितो ते तुझ्यापुरतं ठेव. हे बरं होणारं दुखणं नाही. झडप कुणाला शिवता येत नाही. आपण त्याला चार महिने देऊ, सहा देऊ. पावसाळा बघेल की नाही सांगता येत नाही. म्हसूला इतक्यात बोलू नकोस. तो माझ्या हातातली नळी ज्या डोळ्यांनी बघत होता ते बघून माझ्यानं त्याला सांगवलं नाही.

सहा वर्षं मी या दवाखान्यात आहे. डॉक्टर ऐकतात, सांगतात, मी बाटली भरतो. कधी स्वतः ऐकावंसं वाटलं नाही. रविवारी म्हसूनं आपली मान बाजूला केली, मला जागा दिली आणि म्हणाला, "ऐका, दादा, घोडं ऐका," तेव्हा पहिल्यांदा मी नळी कानाला लावताना डोळे मिटले.

बहिरू

*

भुकूम,
ता. २१ जानेवारी १९५९

चि. बहिरूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फाडलं, तो बरा होणार नाही ही गोष्ट माझ्याजवळच ठेवली.

पहिलं भांडण तुझ्या दाजींशी. मी म्हटलं, देवाला पथ्य सांगितलं आहे. भंडारा अंगावर नाही, बांधावरच्या दगडावर वाहायचा. भरीत नाही, वडे नाही, अळणी भाकरी आणि ताक. लोकांनी ओळ करून बांधापाशी थांबायचं. दाजी म्हणाले, देवाला अळणी खायला घालणारी तू कोण? मी म्हटलं, थेंब मोजणारी. शेजारची धोंडाबाई तर म्हणाली, लीलाबाई देवाला फुंकणी लावते, आता चिमटा लावायचा तेवढा राहिला. पण म्हसूनं काठी आडवी धरून सगळ्यांना सांगितलं की घोड्याला विसावा पाहिजे, आणि त्याच्यापुढं कुणी बोललं नाही. देव त्याचा, कुत्रा त्याचा.

ठोके मोजायला घड्याळ पाहिजे म्हणून दाजींना रोज माझ्याबरोबर वर यावं लागायचं. चार दिवस कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, बघू. त्यांनी फुंकणी लावून ऐकलं. घरी आल्यावर म्हणाले, माझं आहे का बघ जागेवर. तीस वर्षं या माणसाची कुरकुर ऐकते आहे, काळीज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चांगलं चालू आहे, काळजी नको. पण फुंकणी बाजूला ठेवल्यावर आम्ही दोघं कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो आणि चहा उतू गेला.

आता मुख्य ते. पहिला आठवडा काहीच फरक नव्हता. ठोके एकशे साठ, एकशे पन्नास. मग एकशे वीस झाले. हिरड्यांचा जांभळेपणा जाऊन राखाडी, मग फिकट गुलाबी. खोकला दिवसातून चार-पाच वेळा. पोट उतरलं आणि बरगड्या दिसू लागल्या. पण बसलेलाच. म्हसू विचारायचा, वैनी, कवा निजंल? मी म्हणायची, निजेल. मला तरी काय ठाऊक?

परवाचा रविवार, खंडोबाचा वार. सकाळीच माणसं येऊ लागली, चाळीस-पन्नास तरी असतील. दाजी सगळ्यांच्या पुढं होते, ते बांधावर चढले आणि थबकले. मी मागून पाहिलं. हवालदार जाळीच्या तोंडाशी एका अंगावर पडलेला. चारी पाय लांब, डोकं मातीवर, उन्हात. दाजींनी टोपी काढली. मागं कुणीतरी हुंदका दिला. मला एवढंच आठवतं की हातातली फुंकणी मी छातीशी धरली होती.

म्हसू त्याच्या शेजारी बसला होता. हवालदार रोज बसायचा तसाच, ताठ, काठी उभी धरून, डोंगराकडं तोंड करून. डोळे लाल झालेले. आम्हाला बघून त्यानं बोट ओठावर ठेवलं. "निजलाय," म्हणाला, "रातीपासनं निजलाय. बोलू नगा."

त्यानं रात्रभर पहारा दिला होता, त्याच जागी बसून.

बहिरू, कुणी हललं नाही. पन्नास माणसं त्या बांधावर उभी राहिली आणि एका कुत्र्याची झोप बघत राहिली. बरगड्या वर व्हायच्या, खाली व्हायच्या. भंडाऱ्याच्या मुठी तशाच मिटलेल्या. मेंढ्यासुद्धा जाळीत उभ्याच होत्या, बाहेर पडायची घाई नाही. झोपेत त्याचा मागचा पाय एकदा हलला, कुठंतरी धावत असेल. तेव्हा धोंडाबाई हळूच म्हणाली, स्वप्न पडतंय. एवढंच काय ते बोलणं झालं. ऊन अंगावर चढलं तरी कुणी बसलंही नाही.

मी देवळात पुष्कळदा उभी राहिले आहे. अशी कधी राहिले नव्हते.

अक्का

*

पुणे,
ता. २५ जानेवारी १९५९

ती. अक्कास नमस्कार.

पत्र मी दवाखान्यात डॉक्टरांना वाचून दाखवलं. पन्नास माणसांपाशी आलो आणि पत्र त्यांच्या हातात दिलं, पुढचं त्यांनी स्वतः वाचलं. थेंब आता सकाळी चार, संध्याकाळी चार करावेत असं म्हणाले. झोपलेला असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर होते ते मोजत जा. तीसच्या खाली असेल तर ठीक.

म्हसूला अजून सांगितलं नाहीस ना? सांगायचं असेल तर मी येऊन सांगतो. तुझ्या एकटीवर ते टाकणं बरं नव्हे.

बहिरू

*

भुकूम,
ता. २२ मार्च १९५९

चि. बहिरूस आशीर्वाद.

आज सकाळी म्हसूचा वाडा उठला. शिमग्याआधी निघायचं म्हणत होता, डोंगराला चारा उरला नाही. दोन महिने हवालदार रोज रात्री झोपला. म्हसू आणि बयाबाई पाळीपाळीनं जागली. बिबट्या पुन्हा आला नाही, की येऊन लांबून बघून गेला, कोण जाणे.

गेल्या आठवड्यापासून खोकला पुन्हा थोडा वाढला आहे. झोपेतले श्वास तीसच्या वर गेले आहेत. तू लिहिलं होतंस तसंच चाललं आहे. मी म्हसूला ते कधीच बोलले नाही. रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज थेंब मोजून परत यायची. तू येऊन सांगतो म्हणाला होतास, तुलाही बोलावलं नाही.

दाजींचा ओटा पूर्ण झाला. हवालदार त्यावर एकदाही बसला नाही, त्याला मातीच आवडते. काल म्हसूनं खिळ्यांचा पट्टा आणून ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, आता ह्याचं वझं त्याला नगं, हितंच ऱ्हाऊ द्या. गाव आता पट्ट्याला भंडारा वाहतं. दाजी खूश आहेत.

निघताना म्हसूनं तट्टावर घोंगडं घातलं. दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत चालता न येणारी नवी कोकरं, आणि मधे घोंगड्यावर हवालदार. आयुष्यभर मेंढ्यांच्या मागं चाललेला कुत्रा कोकरांत बसून निघाला. मी बाटली, पुड्या आणि फुंकणी बयाबाईच्या हातात दिली, थेंब कसे मोजायचे ते पुन्हा सांगितलं. तिला आता माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. घरी नवी फुंकणी आणावी लागेल, सकाळपासून तोंडानं चूल फुंकते आहे.

म्हसू तट्टाचा लगाम धरून थांबला. मी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, "वैनी, तुमी बोलला न्हाई, पर मला पैल्या दिवशीच कळलं हुतं. मी रोज ऐकतोय न्हवं घोडं. त्ये लई लांब न्हाई जायाचं." मी पदर डोळ्यांना लावला. तर तो म्हणाला, "रडू नगा. बसून बसून गेला असता बिचारा, डोळं तानून. आता जाईल तवा निजून जाईल."

मेंढ्या भुगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बांधावर उभी होते. वळणावर तट्टू जरा तिरकं झालं तेव्हा दिसलं, हवालदारानं हनुवटी एका कोकराच्या पाठीवर टेकली होती आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

मी हात जोडले. कुणाला, ते विचारू नकोस.

तुझी,
अक्का